बारा वाजायच्या आधीचं मीठ

वैजयंतीताई मिठाच्या राशीपाशी उकिडवी बसलेली मला दिसली, तेव्हा सकाळचे साडेसात झाले असतील. रामाच्या नवरात्राचा सातवा दिवस. मी देवाला जास्वंदी घेऊन आगराच्या बांधावरून घरी येत होते. ती पाठमोरी होती, पण हिरव्या नऊवारीवरून लगेच ओळखली.

"ताई?"

ती दचकली. उजवी मूठ पदराखाली गेली.

"इथं काय करताय?"

"काही नाही काकू. घरात गुदमरायला झालं, म्हणून आले."

तिच्या खालच्या ओठाला मिठाचे कण चिकटले होते. कोवळ्या उन्हात चमकत होते. मी परडी बांधावर ठेवली. एरवी मी तिला अहोजाहो करायची. वयानं माझ्या लेकीसारखी असली तरी नारदाच्या गादीवर उभी राहणारी बाई, तिला एकेरी कसं हाकारायचं? पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मूठ उघड."

तिनं उघडली. खडेमीठ होतं, घामानं ओलं झालेलं.

"खाल्लंस?"

"नाही हो. नुसतं ओठाला लावलं." आणि तिचे डोळे भरले. "काकू, खरं सांगू? मला स्वप्नातसुद्धा मीठच दिसतं. काल पूर्वरंगात मी नामाची गोडी सांगत होते, आणि डोळ्यांपुढं काय, तर तुमच्या लोणच्याची बरणी!"

मला हसू आलं. तीही हसली. मग मी म्हटलं, "अगं, पहिल्या दिवशी तूच मला काय सांगितलं होतंस?"

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि मूठ राशीवर रिकामी केली.

मी तिला घरी आणलं. आगरातलं पाणी खारं, म्हणून मुद्दाम हंड्यातल्या गोड्या पाण्यानं तिचा हात धुतला. बोटांच्या बेचक्यासुद्धा चोळून धुतल्या. ओठ ओल्या फडक्यानं पुसले. कणभर राहू दिलं नाही.

आमचं गाव मिठागरांचं. खाडीच्या कडेनं जिकडं बघाल तिकडं वाफे आणि चैत्रात पांढऱ्या राशी. आमच्या राममंदिरात गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस कीर्तन असतं. जो कीर्तनकार उभा राहील त्यानं ते नऊ दिवस अळणी जेवायचं, अशी रीत होती. हंगामातल्या चांगल्यातल्या चांगल्या मिठाची वाटी नवमीला पाळण्यापुढं ठेवायची. बारा वाजता जन्म झाला, की पहिला खडा रामाला आणि दुसरा कीर्तनकाराच्या जिभेवर. मग सगळ्या गावाला प्रसाद. आम्ही मीठ पिकवणारी माणसं, देवाला आमच्याकडचं हेच तर मोठं. ते त्याच्याआधी त्याच्याच कीर्तनकारानं कसं खायचं?

वैजयंतीताईचे वडील, घैसासबुवा, बावीस वर्षं आमच्याकडं येत होते. बावीस वर्षं त्यांनी अळणी नवरात्र पाळलं. उतरायचे आमच्याच घरी. माझ्या पोटी तिन्ही मुलगे. त्यामुळं बुवांबरोबर ही दोन वेण्यांची पोर झांजा वाजवायला यायची, तेव्हापासून माझा तिच्यावर जीव. पुढं ती स्वतः उभी राहायला लागली, कुठंकुठं जायला लागली. बुवा आदल्या वर्षी गेले. खोकल्यानं झिजून झिजून गेले. तेव्हा मी मंडळाच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, "लेकीला बोलवा. तोच गळा आहे."

मंडळाचे अध्यक्ष कमळाकर भोईर. मनानं वाईट नव्हते, पण जिभेला धार. "हिरावहिनी, गळ्याचं नाय बोलत मी. नऊ दिवस अळणी खाऊन चैताच्या उन्हात दोन-दोन तास उभं राहायचं हाय. बाईमाणसाला झेपंल काय?"

"बाईमाणूस नऊ महिने झेपवते, भावजी. नऊ दिवसांचं काय घेऊन बसलात!"

बाया हसल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या, आणि ठरलं. मी जिंकले होते.

ती पाडव्याच्या आदल्या दिवशी एस.टी.नं आली. बरोबर पेटी वाजवणारे भास्करकाका, तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मी ओवाळायला दारात गेले आणि क्षणभर थबकलेच. वर्षापूर्वीची गोरीगोमटी, गालावर खळी पडणारी पोर. आता गळ्याची हाडं वर आलेली आणि वर्ण असा काळवंडलेला, की जणू कुणी धुरात धरली होती.

"काय हो ताई, ही दशा?"

"सहा महिन्यांत एकवीस गावं झाली, काकू. उन्हातान्हात हिंडणं. बाबा गेले तेव्हापासून घरचं सगळं माझ्यावर. आई अंथरुणाला. जेवायला बसलं की घास फिरतो तोंडात. होईल बरं."

मी तिच्या हातावर गूळपाणी ठेवलं. तळहाताच्या रेषा काजळानं ओढाव्यात तशा काळ्या दिसत होत्या. मी काय म्हणाले माहीत आहे? "रेषा किती ठसठशीत आहेत हो तुमच्या! मोठं भाग्य आहे." ती बिचारी हसली, तर हिरड्यासुद्धा जांभळ्या-काळ्या. मला वाटलं, जांभळं खाल्ली असतील. चैत्रात जांभळं कुठली?

दुसऱ्या दिवशी पहिल्या कीर्तनाला बाया आपसांत बोलत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "रामाचं ध्यान करून करून पोरीला रामाचाच रंग चढला गो." हे सगळ्यांना इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवसापासून बाया तिच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. मीही ठेवलं. ते मला मनापासून खरं वाटलं होतं.

त्या पहिल्या रात्री जेवण वाढताना तिनं माझा हात धरला. "काकू, एक वचन द्या. मला हल्ली खारट खायची फार हाव सुटते. घरी मी नुसतं मीठ चाटते, हसू नका. बाबांनी बावीस वर्षं पाळलं. मी मोडलं, तर हे लोक म्हणतील बाईला जमलं नाही, आणि पुन्हा कुठल्या बाईला इथं उभी करणार नाहीत. तेव्हा मी मागितलं तरी देऊ नका. रडले तरी देऊ नका."

"नाही देणार," मी म्हटलं.

आणि नुसतं म्हटलं नाही. मिठाची बरणी, लोणचं, पापड, सुकट, सगळं शेजारी नेऊन ठेवलं. नऊ दिवस आमच्या घरातही अळणीच. यजमान भाताचा घास घेताना माझ्याकडं बघायचे आणि गिळायचे.

तर, राशीपाशी सापडली त्याच दिवशीचं कीर्तन. सातव्या दिवशी कौसल्येचे डोहाळे असतात. मी आयुष्यभर कीर्तनं ऐकत आले. लग्नाच्या आधी बापाच्या खांद्यावर बसून ऐकली, बाळंतपणात खिडकीतून ऐकली. पण त्या दिवशीसारखं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. दशरथ राणीला विचारतो, तुला काय हवं? केशराचं दूध? मधाचं पोळं? ती मान हलवते. मग वैजयंतीताईनं झांजा छातीशी धरल्या, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाली, "कौसल्या म्हणते, महाराज, मला काही नको. मला चिमूटभर मीठ द्या."

सगळं मंदिर खळखळून हसलं. मिठाचंच गाव ते! कुणीतरी ओरडलं, "गोणी पाठवतू राजा!" कमळाकर भोईरसुद्धा मांडीवर थाप मारून हसले. भास्करकाका तेवढे हसले नाहीत. पेटीवरचे हात तसेच ठेवून तिच्याकडं बघत राहिले. आणि मी? ती काय बोलते आहे हे त्या मंदिरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी पदर तोंडाला लावून हसले.

आठव्या दिवशी सकाळी उठताना तिला घेरी आली. सकाळपासून तीनदा ओकली. पोटात कळ येते म्हणाली. भास्करकाका ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

"हिरावहिनी, डॉक्टरला बोलवू या."

"मी नाही म्हणते म्हणून ना, काका!" आतून तिचा आवाज आला. "डॉक्टर आधी काय देईल? मीठ-साखरेचं पाणी. मग झालंच."

"अगं मग घे की! तुझ्या बापाला मी उत्तर देईन वर गेल्यावर."

"उद्या बारा वाजेपर्यंत थांबा, काका. उद्या बारा वाजता काय द्याल ते घेईन."

तेवढ्यात कमळाकर भोईर नवमीच्या तयारीचं विचारायला आले. तिला भिंतीला टेकून बसलेली बघितली आणि चुकचुकले. "मी बोललो होतो की नाय, वहिनी? उगा पोरीचे हाल. उद्याला दुसऱ्या बुवांना सांगावा धाडू काय? अजून येळ हाय."

त्यांच्या मनात दयाच होती, हे आज मला कळतं. पण ती भिंत सोडून ताठ उभी राहिली. पदर खोचला. "उद्या दहाला मी गादीवर असेन, भोईरकाका. तुम्ही पाळणा सजवा."

ते गेल्यावर ती खाली बसली, ती किती तरी वेळ उठलीच नाही. मी तिला शहाळं पाजलं, साखरपाणी दिलं, मुगाचं पाणी दिलं. जे मीठ नव्हतं ते सगळं दिलं. कपाळावर हात ठेवून रामरक्षा म्हटली. तिची कातडी थंड आणि ओलसर लागत होती, बाहेर ऊन रणरणत असताना. पोट आत ओढलं गेलं होतं. "काकू," ती म्हणाली, "माझ्या अंगातून काहीतरी निथळून चाललंय असं वाटतं. धरून ठेवताच येत नाही."

"एक दिवस, बाळ."

"हो. एकच दिवस."

नवमीला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. दहाला ती उभी राहिली. पहिल्या अर्ध्या तासात आवाज असा लागला, की मला वाटलं, उतरलं दुखणं, रामानं ऐकलं. मग हळूहळू ओळींमधलं अंतर वाढायला लागलं. भास्करकाका पेटीवर तिची जागा भरून काढत होते. अकरा चाळीसला अयोध्येच्या वर्णनात ती मध्येच थांबली. गुडघे दुमडले आणि गादीवरच खाली बसली.

लोकांना वाटलं, भाव दाटून आला. कुणीतरी "सीतावर रामचंद्र की" म्हणालं, सगळ्यांनी "जय" म्हटलं.

मी बायकांत पुढंच होते. पाळणा तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि पाळण्यापुढं चांदीची मिठाची वाटी. तिचे डोळे मिटलेले होते. हात मात्र जमिनीवरून सरकत निघाला होता, आंधळ्या माणसाचा सरकतो तसा. बोटं वाटीच्या कडेला लागली.

मी उठले. चार पावलं. तिच्या शेजारी बसले आणि मनगट धरलं. बघणाऱ्याला वाटावं, आधार देते आहे.

"वीस मिनिटं, बाळ," मी तिच्या कानात म्हटलं. "फक्त वीस मिनिटं राहिली."

तिनं डोळे उघडले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता, तर मला आज बरं वाटलं असतं. "बरं," ती म्हणाली. माझा खांदा धरला आणि उठली.

पुढची वीस मिनिटं ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. पहिल्यांदा हात ठेवला होता, मग अंग टाकलं. सगळा भार माझ्यावर. भार तरी काय होता! तिच्या छातीतली धडधड मला खांद्यात कळत होती, पाखरू धरल्यावर कळते तशी. बाराला तिनं जन्माची ओळ उचलली. घंटा वाजल्या, गुलाल उडाला, पाळणा हलला, आणि त्या गुलालात ती माझ्या खांद्यावरून घसरून खाली गेली.

कमळाकर भोईरांनी रीतीप्रमाणं पहिला खडा रामापुढं ठेवला. दुसरा घेऊन ते धावत आले, तोवर तिची दातखीळ बसली होती. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "शुद्धीवर आली की द्या, वहिनी." मी पदराच्या गाठीत बांधला. त्यांनीच जीप काढली.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. मग तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, तळहात उलटा करून रेषा बघितल्या आणि एकदम धावपळ सुरू झाली. दोन्ही हातांना सलाईन. एक इंजेक्शन दिलं, मग आणखी एक.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. "घरात कुणाला क्षय होता?"

भास्करकाका म्हणाले, "वडील खोकल्यानं गेले. तपासलं नाही कधी. कीर्तनं सोडून दवाखान्यात कोण जातो?"

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "बोटाच्या पेराएवढ्या. माणसावर ताण येतो ना, दुखणं, उपास, दुःख, ऊन, काहीही, तेव्हा त्या रस सोडतात आणि शरीर तग धरतं. अंगातलं मीठ धरून ठेवायचं कामही त्यांचंच. वडिलांकडून आलेल्या क्षयानं हिच्या त्या बऱ्याच महिन्यांपासून निकामी होत आल्या असणार. म्हणून हा काळा रंग. म्हणून बारीक झाली. सगळं मीठ लघवीवाटे जात राहतं. अशी माणसं वेड्यासारखी मीठ खातात, त्यावरच कशीबशी चालतात." त्या थांबल्या. "हिनं मीठ मागितलं नाही का कधी?"

कमळाकर भोईर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. भास्करकाकांनी माझ्याकडं बघितलं.

"मागितलं," मी म्हटलं.

मग मी विचारलं, दिलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नुसत्या मिठानं बरी झाली नसती. औषध जन्मभर लागलं असतं. पण वेळ मिळाला असता. आठ-पंधरा दिवस, महिना. तेवढ्यात कुणीतरी ओळखलं असतं." त्या चांगल्या होत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच खांद्यावर, आणि म्हणाल्या, "बसा तिच्याजवळ."

त्यानंतर आमच्या गावानं रीत मोडली. कमळाकर भोईरांनी स्वतः ठराव मांडला, एकानंही हात खाली ठेवला नाही. आता नवरात्राला कीर्तनकार आला की पाटावर बसवून पहिल्यांदा पानात डावीकडं मीठ वाढतात. ते मी वाढते, आणि त्यानं बोट लावेपर्यंत तिथून हलत नाही. रामावर मी रुसले नाही. कीर्तन एकही चुकवलं नाही. त्यानं मीठ मागितलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण राशीपाशी मी तिचा हात गोड्या पाण्यानं धुतला, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नाही. भास्करकाकांनाही नाही. सव्वीस वर्षं झाली.

त्या दुपारी सव्वातीनला तिनं डोळे उघडले. सलाईनचं पाणी थेंब थेंब पडत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की तेही मिठाचंच पाणी असतं. तिच्या भुवईत अजून गुलाल होता.

"काकू," ती म्हणाली. ओठांजवळ कान नेला तेव्हा ऐकू आलं. "बारा वाजले?"

"वाजले गं. कधीच वाजले."

"मग द्या ना."

मी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, द्या म्हणून. पदराची गाठ घामानं घट्ट बसली होती, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. तिनं लहान मुलासारखं तोंड उघडलं. मी खडा जिभेवर ठेवला. तिनं ओठ मिटले, आणि गालावर ती जुनी खळी पडली.

चारला ती गेली. तोंड पुसायला म्हणून मी तिचे ओठ उघडले. जीभ इतकी कोरडी होती, की खडा होता तसाच होता.